कस्तुराबाईंनी सही मागे घेतली

कस्तुराबाई लोखंडे माझ्या वर्गात पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांच्या तळहातावर भाजल्याचा टरटरीत फोड होता. आदल्या दिवशी त्यांनी तापलेलं उलथनं पोरीवर उगारलं होतं. पोरीनं ते हिसकायला हात घातला आणि ओढाताणीत चटका आईलाच बसला.

"आज मला लागलं सर," त्या म्हणाल्या, "उद्या तिला लागंल. माझ्या रागाचं कायतरी करा."

मी केलं. काय केलं, ते सांगण्यासाठीच हे लिहितो आहे.

माझी सगळी नोकरी एका मोठ्या कंपनीच्या ट्रेनिंग विभागात गेली. कामगारांना आणि सुपरवायझरांना एसी हॉलमध्ये बसवून मन शांत कसं ठेवायचं ते सांगायचो. निवृत्त झाल्यावर चिंचवडच्या आमच्या छोट्या चर्चमध्ये, रविवारच्या उपासनेनंतर, तासाभराचा वर्ग सुरू केला. नाव ठेवलं 'मनाची मशागत'. प्रत्येकाला एक वही दिली. वहीत काय घडलं, मनात काय आलं आणि ते प्रभूच्या हाती कसं सोपवलं, एवढं लिहायचं. राग आला की दहा श्वास घ्यायचे, एक छोटी प्रार्थना करायची, राग प्रभूच्या पायाशी ठेवायचा आणि वळून निघून यायचं. महिन्यातून एकदा मी वह्या तपासायचो आणि लाल शाईनं शाबासकी द्यायचो. हे सगळं मला तेव्हा फार सुंदर वाटत होतं.

कस्तुराबाई मूळच्या जालन्याकडच्या. वडील मिशनच्या शाळेत शिपाई होते. आजोबांच्या वेळेपासून घर ख्रिस्ती. लग्न होऊन निगडीच्या ओटास्कीम वस्तीत आल्या त्याला वीस वर्षं झाली. नवरा शाळेची व्हॅन चालवतो, कमी बोलणारा, सरळ माणूस. एकुलती मुलगी तेजस्विनी आकुर्डीच्या कॉलेजात बारावीला होती. बाई स्वतः चाकणच्या एका छोट्या कारखान्यात पॉवर प्रेसवर काम करत. पत्र्याचा तुकडा साच्यात ठेवायचा, वरून प्रेस दणकन खाली येते, गाडीच्या सीटखाली लागणारा ब्रॅकेट तयार. असे दिवसाला अडीच-तीन हजार. पहाटे कंपनीची बस पकडायची, दुपारी उशिरा घरी यायचं. नऊ वर्षं झाली तरी त्या ठेकेदाराच्याच होत्या. दर सात महिन्यांनी कागदावर काढायचं आणि पुन्हा घ्यायचं.

म्हणजे रागाला कारणं होती. मी ती विचारली नाहीत. माझ्या वर्गात कारणं विचारायची पद्धत नव्हती.

बाईंनी मात्र जीव ओतून केलं. बसमध्ये बसून वही लिहायच्या. सहा महिन्यांनी तेजस्विनीच मला म्हणाली, "सर, आई आता ओरडतच नाही. कधीकधी भीतीच वाटते." शेवटचं वाक्य मी हसण्यावारी नेलं. नाताळच्या उपासनेत मी बाईंना साक्ष द्यायला उभं केलं. त्यांनी सांगितलं की प्रभूनं माझा राग काढून घेतला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्यातल्या अर्ध्या माझ्यासाठी आहेत असं मी धरून चाललो.

मग जानेवारी उजाडला.

प्रेसला पुढच्या बाजूला दोन बटणं असतात, एकमेकांपासून लांब. दोन्ही हातांनी दोन्ही बटणं एकदम दाबली तरच ती खाली येते. हात बटणांवर असले की साच्यात असूच शकत नाहीत. एवढी साधी, शहाणी गोष्ट आहे ती. पण त्यात वेळ जातो. जानेवारीत ऑर्डर वाढली तशी कारखान्यातल्या चार मशिनांची बटणं काढली आणि खाली पायाचं पेडल जोडलं. आता एक हात तुकडा ठेवतो, दुसरा काढतो, पाय दाबतो. काम भराभर होतं. आणि पाय चुकला की हात जातो.

कस्तुराबाई सहा नंबरच्या मशीनवर होत्या. शेजारी सात नंबरवर इंद्रायणी होती. खेडकडची, चोवीस-पंचवीस वर्षांची, नवऱ्यानं टाकलेली. ती बाईंना ताई म्हणायची आणि जेवणाच्या सुट्टीत दोघींचे डबे एकत्र व्हायचे.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात, सकाळी साडेदहाच्या सुमाराला, सात नंबरची प्रेस खाली आली तेव्हा इंद्रायणीचा उजवा हात आत होता. बाई सांगतात, प्रेसचा आवाज रोजच्यासारखाच झाला, त्यामुळे कुणी मानसुद्धा वळवली नाही. किंकाळी नंतर आली. दोन बोटं मुळापासून गेली, तिसरं अर्धं.

बाईंनी स्वतःची ओढणी तिच्या हाताला गुंडाळली. रणजीत म्हणून सुपरवायझर होता, चाकणच्याच जुन्या गावातला. त्यानं तिला आपल्या गाडीत घालून दवाखान्यात नेलं. ते गेले तशी मागे दोन माणसं आली. त्यांनी मशीन पुसलं, पेडल काढलं, बटणं परत जोडली. जेवायच्या सुट्टीपर्यंत सात नंबर नव्यासारखं दिसत होतं.

दुपारी रणजीतनं बाईंना ऑफिसात बोलावलं. टेबलावर छापील कागद होता. मशीनची दोन्ही बटणं चालू होती, कामगारानं सूचना डावलून निष्काळजीपणानं हात आत घातला, असं त्यात होतं. खाली साक्षीदाराच्या सहीची जागा.

"ताई, फक्त फॉर्मालिटी हाय," रणजीत म्हणाला. "तिला दवाखान्याचं सगळं मिळनार. तुमी सही न्हाई केली तर आमाला तुमाला बी ठेवता यायचं न्हाई."

बाई सांगतात, त्यांच्या कानात प्रेस चालू झाल्यासारखं झालं. टेबल उलथं करावं असं वाटलं. मग त्यांनी डोळे मिटले. दहा श्वास घेतले. राग प्रभूच्या पायाशी ठेवला. आत सगळं गार झालं, आणि त्या गारव्यात त्यांनी सही केली.

पुढचे तीन आठवडे त्या नेमानं वर्गाला आल्या. मी अपघाताचं ऐकलं होतं. वर्ग संपल्यावर मी विचारलं, "बाई, मनाला त्रास होत असेल." त्या म्हणाल्या, "प्रभूला दिलं सर." मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, "शाब्बास."

चौथ्या आठवड्यात दोन गोष्टी झाल्या. शुक्रवारी बाई कामावर गेल्या तर सात नंबरला पुन्हा पेडल लागलं होतं आणि स्टुलावर सरूबाई नावाची पन्नाशीची नवीन बाई बसली होती. तिला प्रेस म्हणजे काय हेही धड माहीत नव्हतं. आणि शनिवारी इंद्रायणीनं फोनवर एका कागदाचा फोटो पाठवला. निष्काळजीपणाच्या कारणावरून तिला कामावरून काढल्याचं पत्र. असा शेरा घेऊन चाकणमध्ये दुसरी कुठली कंपनी तिला दारात उभी करणार? पत्रात एक ओळ होती: साक्षीदार, श्रीमती कस्तुरा लोखंडे. फोटोखाली इंद्रायणीनं एक अक्षरही लिहिलेलं नव्हतं.

रविवारी बाई वर्गाला उशिरा आल्या, अर्धा तास उशिरा. मी फळ्यावर लिहीत होतो. त्या खुर्चीत बसल्या नाहीत. सरळ पुढे आल्या आणि वही माझ्या हातात दिली.

"सर, माझी वही वाचा."

"बाई, वही खाजगी असते. आपण नंतर..."

"वाचा. मोठ्यानं."

वर्गात चौदा जण होते. मी चष्मा नीट केला आणि त्यांनी बोट ठेवलं तिथून वाचायला लागलो.

"नऊ जानेवारी. बटणं काढली, पेडल लावलं. लई राग आला. रणजीतला जाऊन बोलावं वाटलं. दहा श्वास घेतले. राग प्रभूला दिला. गप्प बसले."

"पुढचं," बाई म्हणाल्या.

"बावीस जानेवारी. इंद्रायणीचा हातमोजा साच्यात अडकला. थोडक्यात वाचली. अंगाची आग झाली. प्रार्थना केली. शांत वाटलं."

"पुढचं."

"सहा फेब्रुवारी. आमचा माल घेणाऱ्या मोठ्या कंपनीचे लोक तपासणीला आले. ते यायच्या आधी बटणं लावली, गेल्यावर काढली. ओरडून सांगावं वाटलं. प्रभूला दिलं."

"खाली काय लिहिलंय तेबी वाचा."

तिन्हींच्या खाली लाल शाईत माझं अक्षर होतं. छान. प्रगती आहे. प्रभूची स्तुती असो.

मी वाचू शकलो नाही. बाईंनी वही ओढून घेतली आणि स्वतः वाचलं, एकेक शब्द, माझ्याच आवाजाची नक्कल केल्यासारखं.

मी काहीतरी बोलायचा प्रयत्न केला. "बाई, राग ही भावना..."

"गप बसा तुम्ही!" त्यांचा आवाज बाहेर रस्त्यापर्यंत गेला असेल. "तो राग खोटा नव्हता सर. तो मला दार ठोठावून सांगत होता की त्या पोरीचा हात जाणार. तीनदा सांगितलं त्यानं. आन तुम्ही मला दार लावायला शिकवलं. प्रभूनं देवळात सराफांची मेजं उलथली तेव्हा त्यानं दहा श्वास घेतले होते काय?"

कुणीतरी "बाई, शांत व्हा" म्हणालं.

"नाही होणार," त्या म्हणाल्या. "शांत होऊनच सही केली मी."

त्या गेल्या. मला राग आला. प्रामाणिकपणे सांगतो, पहिला राग त्यांच्यावरच आला. चारचौघांत केलेला अपमान. ज्या बाईला आपण हात दिला तिनं असं बोलावं. मी घरी जाऊन जेवलो नाही, बायकोवर खेकसलो. संध्याकाळी माझ्या त्या लाल शाईच्या पेनकडे लक्ष गेलं आणि मग राग हळूहळू ज्याच्या वाट्याचा होता त्याच्याकडे वळला. महिनोन् महिने मी ती वही तपासत होतो. एका बाईच्या शेजारी दुसऱ्या बाईचा हात कापला जाणार आहे हे मला लेखी कळवलेलं होतं, तारखेसकट. मी फक्त शेवटची ओळ वाचत होतो, प्रभूला दिलं की नाही एवढीच.

बाई त्या दिवशी चर्चमधून थेट मेदनकरवाडीला गेल्या होत्या, इंद्रायणीच्या खोलीवर. तिथं काय झालं ते त्यांनी मला नंतर सांगितलं.

इंद्रायणी खाटेवर बसली होती, हात उशीवर ठेवून. बाई उंबऱ्यातच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "माझं चुकलं. मला माफ कर."

"माफ?" इंद्रायणी म्हणाली. "मी काय तुमच्या चर्चची हाय का, आल्या आल्या माफ करायला?"

"तसं नाही..."

"मला माज्या हातानं भाकरी थापता येत न्हाई. पोलकं घालता येत न्हाई. आय येऊन वेणी घालती माजी. आन कागदावर तुमचं नाव हाय. दुसऱ्या कुनाचं असतं तर येवढं लागलं नसतं मला." तिनं दुखरा हात उशीवर सरकवला. "रडू नका हितं. सही मागं घ्या. मंग बघू."

परतताना बसस्टॉपवर बाईंनी उभ्या उभ्या प्रार्थना केली. नंतर मी विचारलं, कसली प्रार्थना केलीत? त्या म्हणाल्या, "भांडले. सगळं बोलले त्याला. म्हणलं, मी तुला राग देत होते आन तू घेत होतास तर तू त्याचं केलंस काय? मला दे माघारी. मला लागतोय तो." मग म्हणाल्या, "आन सर, ते बोलताना मला वाटलं, पहिल्यांदाच मी त्याच्याशी खरं बोलायले."

सोमवारी पाळी सुरू झाली तेव्हा त्या सहा नंबरवर बसल्याच नाहीत. सात नंबरकडे गेल्या, भिंतीवरचा मेन स्विच खाली पाडला आणि सरूबाईला दंडाला धरून उठवलं. "ह्या मशीनवर बसू नका," त्या म्हणाल्या. "महिनाभरापूर्वी इथं एका पोरीची बोटं गेलीत. ते पेडल बघा. ते असायला नको."

सरूबाई घाबरून बाजूला झाली. शेजारच्या दोन मशिनांवरच्या बायकांनी पाय काढून घेतले. रणजीत धावत आला.

"काय चाललंय ह्ये? स्विच वर करा!"

"बटणं लाव आधी."

"ताई, येड्यासारकं करू नका. वरून प्रेशर हाय माज्यावर."

"तिच्या हातावर पण प्रेशरच आलं ना? किती टनाचं, सांग! तुला पाठ असंल."

त्यानं त्यांना ढकलून स्विचला हात घालायचा प्रयत्न केला. बाईंच्या हाताशी ब्रॅकेटांचा ढीग होता. त्यातला एक त्यांनी उचलला. जाड पत्रा, काठाला पात्यासारखी धार. रणजीतचं डोकं हातभर अंतरावर होतं. मला हे सांगताना त्या खाली बघत होत्या. "मारलाच असता सर," त्या म्हणाल्या. "उलथनं आठवलं. माझी पोरगी आठवली, हात पुढं करून उभी राहिलेली. मग ठेवला खाली." त्यांनी ब्रॅकेट ढिगावर परत ठेवला, पण स्विचसमोरून हलल्या नाहीत. आवाजही खाली आणला नाही. अर्धा तास तिथंच उभ्या राहून त्या साऱ्या कारखान्याला ऐकू जाईल असं बोलत होत्या: कुठल्या तारखेला पेडल आलं, कोण तपासणीला आलं, कधी काय लपवलं. वही पाठ होती त्यांना. शेवटी दोन सिक्युरिटीवाले आले आणि त्यांना गेटच्या बाहेर काढून त्यांचा पास काढून घेतला.

त्या अर्ध्या तासाबद्दल मी नंतर पुष्कळ विचार केला. देवळातल्या त्या प्रसंगाबद्दलही. तो मी घरी बायबल काढून पुन्हा वाचला. येशूनं आधी दोऱ्यांचा चाबूक वळला, मग मेजं उलथली. दोऱ्या वळायला वेळ लागतो. तेवढा वेळ तो राग धरून बसला होता. टाकून दिला नाही आणि त्याच्या हाती स्वतःला सोपवलंही नाही. माझ्या नोकरीत आणि माझ्या वर्गात मी लोकांना रागाच्या दोनच वाटा दाखवल्या होत्या, फुटणं आणि गिळणं, आणि दुसरीला मी श्रद्धा म्हणत होतो. कंपनीला ती फार आवडायची. का आवडायची, हे कळायला मला सत्तरी गाठावी लागली.

गेटवरूनच बाईंनी मला फोन केला. "सर, तुम्हाला अर्ज लिहिता येतो ना? मग या."

मी गेलो. चाकण चौकात, ट्रकांच्या धुरळ्यात, एका झेरॉक्सच्या दुकानाच्या फळीवर आम्ही अर्ज लिहिला. दुसऱ्या दिवशी दोघे पुण्याला कारखाना निरीक्षकांच्या कार्यालयात गेलो. सोबत वही होती. निरीक्षक पन्नाशीच्या, बारीक चणीच्या बाई होत्या. त्यांनी अर्ज दोनदा वाचला आणि विचारलं, "हा आधीचा जबाब तुमच्या सहीचा आहे. तेव्हा खोटं का लिहून दिलंत?"

मी मध्ये बोलायला तोंड उघडलं. बाईंनी मला हातानं थांबवलं.

"भीती वाटत होती मॅडम," त्या म्हणाल्या. "आन ती भीती इतकी गार होती, की मला वाटलं हीच शांती असंल."

निरीक्षकबाईंनी पेन खाली ठेवलं आणि त्या म्हणाल्या, "सांगा सगळं पहिल्यापासून." बाईंनी सांगितलं. पेडल लावायला कुणी सांगितलं या प्रश्नावर त्या तडक म्हणाल्या, "रणजीतनं."

दहा दिवसांनी, कसलीही वर्दी न देता, तपासणी झाली. चार मशिनांवर पेडलं सापडली. बटणं लागेपर्यंत ती मशिनं बंद करायचा हुकूम झाला आणि खटला भरायची तयारी सुरू झाली. अपघाताचा अहवाल नव्यानं लिहिला गेला आणि इंद्रायणीच्या नावापुढचा निष्काळजीपणाचा शेरा निघाला. ती आता राजगुरुनगरला एका दुकानात बसते, डाव्या हातानं लिहायला शिकते आहे. बाईंचा फोन उचलते. ताई म्हणत नाही.

बाईंना तो कारखाना पुन्हा घेणार नव्हताच. चाकणमध्ये अशी नावं गेटागेटावर पोचतात. महिनाभर त्या घरी होत्या. घरी राग होताच. पण आता तेजस्विनी विचारायची, "आई, हा माझ्यावरचा आहे का दुसऱ्या कुणावरचा?" बाई भाजी चिरता चिरता थांबून खरंच विचार करायच्या आणि सांगायच्या, "तुझ्यावरचा नाही. तू जा." कधी म्हणायच्या, "तुझ्यावरचाच आहे. पसारा आवर." पुढे तळवड्याच्या एका कंपनीत माल तपासायचं काम मिळालं. तेही ठेक्यावरच.

चर्चमध्ये त्या येत राहिल्या. प्रभूची प्रार्थना म्हणताना, दुसऱ्यांच्या अपराधांची क्षमा करण्याबद्दलची ओळ आली की त्यांचं तोंड बंद व्हायचं. सगळी मंडळी ती ओळ म्हणायची आणि बाई ताठ उभ्या, ओठ घट्ट मिटून. काही जणांना ते खटकलं. मला म्हणाले, तुम्ही समजावा. मी म्हणालो, त्या निदान ऐकून गप्प राहतात. आपण न ऐकता म्हणतो.

मग मे महिन्यातल्या एका दुपारी, बाईंना सुट्टी होती तेव्हा, रणजीत त्यांच्या दारात आला. तेजस्विनी घरी होती, हे तिनं मला सांगितलं.

कारखान्यानं सगळं रणजीतवर घातलं होतं. सुपरवायझरनं आपल्या मनानं पेडलं लावली, मालकांना काही माहीत नव्हतं, असं लेखी दिलं होतं. त्याला काढून टाकलं होतं आणि खटल्यात त्याचं एकट्याचं नाव यायची वेळ आली होती. दाढी वाढलेली, डोळे लाल.

"ताई," तो म्हणाला, "जानेवारीत मालक चहाच्या टेबलापाशी मला काय बोललं, त्ये तुमी ऐकलंवतं. तुमी हात धूत व्हता बाजूला."

बाईंनी ऐकलं होतं. "बटणांची नाटकं बंद कर, पेडलवर घे, नाहीतर घरी बस," असं मालक बोलले होते, आणि रणजीत मान खाली घालून "व्हय साहेब" म्हणाला होता. निरीक्षकांना सांगताना बाईंनी हे सांगितलं नव्हतं. विसरल्या नव्हत्या. सुचलं होतं आणि गिळलं होतं, कारण त्यांना रणजीत हवा होता. ज्यानं तो कागद पुढे सरकवला तो माणूस हवा होता.

तेजस्विनी म्हणते, आईचा चेहरा असा झाला की मला वाटलं आता ही ह्याला मारते. बाई दारात उभ्या, तो पायरीवर. उन्हात. बऱ्याच वेळानं बाई आत गेल्या आणि तांब्याभर पाणी घेऊन आल्या.

"पी," त्या म्हणाल्या.

तो घटाघटा प्यायला. मग रडायला लागला आणि म्हणाला, "ताई, माफ करा मला."

"ते नाही जमत अजून," बाई म्हणाल्या. "रोज मागते मी देवाकडं, येत नाही. आली म्हणजे तुला कळवीन. पण मालक बोलला ते मी ऐकलंय. ते मी सांगायला पाहिजे होतं, नाही सांगितलं. ते माझं पाप आहे, तुझ्यावरचा उपकार नाही. उद्या येते पुण्याला."

"मी गाडीवर नेतो ना ताई तुमाला."

"तुझ्या गाडीवर नाही बसणार मी. बसनं येते."

दुसऱ्या दिवशी त्या निगडीहून पुण्याची बस धरून गेल्या, तेजस्विनीला सोबत घेऊन. मला सांगितलं नाही. पोरगी म्हणते, आई रस्ताभर खिडकीची कांब धरून बसली होती आणि पुटपुटत होती. शिव्या होत्या की प्रार्थना, ते तिला कळलं नाही. कार्यालयाच्या दारात रणजीत उभा होता. बाईंनी त्याला वळसा घातला. आत गेल्या, खुर्ची ओढून बसल्या आणि निरीक्षकबाईंना म्हणाल्या, "मॅडम, मागच्या वेळी मी अर्धंच सांगितलं. रागात होते. आजबी रागातच आहे, पण आज सगळं सांगते."

मालकाचं नाव आता खटल्यात आहे. खटला चालू आहे, तारखा पडतात. बाई प्रत्येक तारखेला रजा टाकून जातात.